गावातली छोटी क्राफ्ट ब्रुअरी बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी किंवा शेतांच्या मधोमध वसलेल्या छोट्या गावातली ब्रुअरी बघायला जाणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिल्यांदाच जाणार असाल तर वरून वाचा. एकदोन ठिकाणी जाऊन आला असाल तर थेट प्रश्न १२ पासून सुरुवात केली तरी चालेल. सगळ्या उत्तरांमागे माझं म्हणणं एकच आहे: ब्रुअरी हा आधी कारखाना असतो आणि मग बार. काम चालू असताना जा, कमी प्या, भरपूर हुंगा आणि खूप विचारा.

१. क्राफ्ट ब्रुअरी आणि साधा बार यांत फरक काय?

बारमध्ये बिअर बाहेरून येते. ब्रुअरीत ती तिथेच शिजते आणि तिथेच आंबते. 'छोटी' कोणाला म्हणायचं याचे निकष देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची मर्यादा वर्षाला ६० लाख बॅरल आहे, आणि एक बॅरल म्हणजे साधारण ११७ लिटर. गावातली ब्रुअरी या आकड्याच्या जवळपासही नसते. तिथे एका खेपेला काहीशे ते एकदोन हजार लिटर बिअर शिजते, आणि ती शिजवणारा माणूस तुमच्या टेबलापासून चार पावलांवर असतो. जायचं ते त्याच्यासाठीच.

२. आत नक्की बघायचं काय? टाक्याच तर असतात.

टाक्या असतात, पण बंद टाकीवरूनही बरंच कळतं. आंबवणाच्या टाकीतून एक नळी निघून पाण्याच्या बादलीत सोडलेली असते. त्या बादलीत जोरात बुडबुडे येत असतील तर आतलं यीस्ट, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारं किण्व, भरात आहे. मधूनच एखादा येत असेल तर काम संपत आलंय. टाकीवर बऱ्याचदा खडूने किंवा मार्करने तारीख, तापमान आणि घनता लिहिलेली असते. घनतेचे आकडे दिवसागणिक कसे उतरत गेले ते वाचा, यीस्ट साखर खातं तशी घनता उतरते.

मॉल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचे, चार दाणे चावून बघायला मागा. फिकट मॉल्ट गोडसर लागतं, खरपूस भाजलेलं कॉफीसारखं कडवट. हॉप्सचं (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीचं) सुकं फूल मिळालं तर ते तळहातांवर चोळा. पिवळी चिकट पूड सुटते आणि वास हाताला बराच वेळ राहतो. बिअरमधला संत्र्याच्या सालीचा किंवा पाइनचा गंध कुठून येतो हे त्या क्षणी समजतं, नुसतं वाचून समजत नाही.

३. आधी कळवावं लागतं का? कोणता दिवस चांगला?

प्यायला बसायचं असेल तर बहुधा नाही, आत जाऊन बघायचं असेल तर हो. छोट्या ठिकाणी माणसं मोजकी असतात. जो शिजवतो तोच टाक्या धुतो आणि तोच पाहुण्यांना माहिती देतो. म्हणून फोन करून एकच प्रश्न विचारा: "या आठवड्यात बिअर कधी शिजणार आहे?" तो दिवस गाठा. शक्यतो शनिवार-रविवार टाळा, कारण त्या दिवशी गर्दी असते आणि शिजवण्याचं काम सहसा नसतं. सकाळी लवकर पोहोचलात तर गरम वाफेला येणारा मॉल्टचा वास गल्लीच्या तोंडापासूनच वाट दाखवतो.

४. बिअर बनते कशी? समोर काय चाललंय ते कळेल असं सांगा.

बार्लीला मोड आणून ती वाळवली की मॉल्ट तयार होतं. ते भरडतात, पण पीठ होऊ देत नाहीत, कारण सालं शाबूत राहिली तर पुढे तीच गाळणीचं काम करतात. ही भरड ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण तासभर मुरते. मोड येताना दाण्यात तयार झालेली एन्झाइम्स तेवढ्या वेळात स्टार्चची साखर करतात. इथे दोनचार अंशांनीही फरक पडतो. तापमान ६३ च्या आसपास ठेवलं तर बिअर हलकी आणि कोरडी होते. ७० कडे नेलं तर यीस्टला न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअर अंगाला भरीव होते.

मग गोड पाणी, म्हणजे वर्ट, गाळून घेतात. उरलेला चोथा बहुतेक गावांत गुरांच्या चाऱ्यात जातो, त्यासाठी सकाळीच एखादा ट्रॅक्टर दाराशी उभा दिसेल. वर्ट ६० ते ९० मिनिटं खळखळून उकळतात. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी टाकलेले सुगंध देतात. कडवट द्रव्यं पाण्यात उतरायला उकळीचा वेळ लागतो, सुगंधी तेलं मात्र उकळीत उडून जातात, म्हणून हे दोन वेगळे हप्ते.

त्यानंतर वर्ट झटपट थंड करून यीस्ट घालतात. बिअरचे मोठे प्रकार दोन, एल आणि लागर. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांना काम करतं आणि दोनतीन आठवड्यांत बिअर तयार होते. लागरचं यीस्ट ७ ते १३ अंशांना सावकाश चालतं आणि मग ती बिअर गोठणबिंदूच्या जवळ आठवडेच्या आठवडे मुरत ठेवतात. छोट्या ब्रुअरीत चांगली लागर मिळाली तर तिची कदर करा, कारण तेवढे दिवस एक टाकी अडकवून ठेवणं त्यांना सोपं नसतं.

बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढीच नावं होती. यीस्ट काय करतं हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. शुद्ध यीस्ट वेगळं करून वाढवण्याची पद्धत १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी बसवली.

५. कपडे-चपला काय घालाव्यात?

पुढून बंद, न घसरणारे बूट. जमीन कायम ओली असते. अत्तर किंवा परफ्यूम लावू नका. तुमच्याच नव्हे, शेजारी बसलेल्याच्याही बिअरचा वास त्यात बुडतो.

६. आत फिरताना कशाला हात लावू नये?

विचारल्याशिवाय कशालाच नाही. टाक्या आणि नळ्या कॉस्टिक सोड्याने आणि पेरॅसिटिक अॅसिडने धुतात, त्याचा थेंब डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. उकळत्या भांड्यावर वाकून फोटो काढू नका. सर्वांत मोठा धोका मात्र दिसत नाही: आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि तळघरात किंवा टाकीच्या तळाशी साचून राहतो. उघड्या टाकीत डोकं घालून हुंगायचा मोह अजिबात नको. सोबत लहान मुलं असतील तर त्यांचा हात सोडू नका (त्यांच्याबद्दल अधिक प्रश्न १७ मध्ये).

७. मला बिअरमधलं काही कळत नाही. काय मागू?

फ्लाइट मागा. १०० मिलिलिटरच्या आसपासचे चारपाच छोटे ग्लास एका फळीवर येतात. कडू आवडत नसेल तर तसं सरळ सांगा, त्यात कमीपणा नाही. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर घेऊन बघा, तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. यात केळं नसतं आणि लवंगही नसते, दोन्ही वास यीस्टचीच करामत. काळ्या रंगाला घाबरू नका. स्टाउट ही भाजलेल्या धान्याची बिअर काळी असते म्हणून कडक असतेच असं नाही. रंग भाजलेल्या धान्याचा, कडकपणा साखरेच्या प्रमाणाचा.

८. फळ्यावर एबीव्ही आणि आयबीयू लिहिलेलं असतं. ते काय?

एबीव्ही म्हणजे आकारमानाने किती टक्के अल्कोहोल. बहुतेक बिअर ४ ते ६ टक्क्यांत असतात, इंपीरियल स्टाउट ८ ते १२ पर्यंत जाते. आयबीयू हे कडवटपणाचं माप: हलक्या लागरला १० ते २०, इंडिया पेल एल या हॉप्स जास्त असलेल्या एलला ४० ते ७०. पण आयबीयूवर फार विसंबू नका. मॉल्टचा गोडवा जास्त असेल तर ५० ची बिअर ३० च्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते. एबीव्हीकडे मात्र नीट बघा. का ते प्रश्न १० मध्ये.

९. चव कशी घ्यायची? काही क्रम असतो का?

फिकटकडून गडदकडे जायला सांगतात, ते अर्धंच खरं. हलक्याकडून जडकडे आणि सौम्यकडून कडवटकडे जा. कडवट पेल एल आधी घेतली तर तिच्यानंतरची नाजूक लागर पाण्यासारखी लागेल. आंबट आणि धुरकट बिअर शेवटी ठेवा.

ग्लास हलकेच फिरवा, लगेच हुंगा, मग छोटा घोट घेऊन तो जिभेवर सगळीकडे फिरू द्या आणि गिळा. वाइनसारखं थुंकायची पद्धत इथे रूढ नाही, कारण कडवटपणाचा शेवट घोट गिळल्यावरच नीट कळतो. ग्लास फार थंड असेल तर दोन मिनिटं तळहातात धरा. लागर ४ ते ७ अंशांना चांगली लागते, पण जड स्टाउट १० च्या वर गेल्याशिवाय खुलतच नाही. मधूनमधून साधं पाणी प्या.

१०. फ्लाइटचे ग्लास छोटे असतात. मग मोजायची गरज काय?

गरज आहे. १०० मिलिलिटरचे चार ग्लास, प्रत्येकी ५ टक्क्यांचे, म्हणजे साधारण १६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. त्यातला एक ग्लास १० टक्क्यांच्या स्टाउटचा असेल तर आकडा २० च्या जवळ जातो. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम एवढाच निचरा करतं, म्हणजे ही एक फ्लाइट उतरायला दोन-तीन तास लागतात. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, मोकळी हवा यांनी हा वेग वाढत नाही. माझा सल्ला: एक फ्लाइट, दोघांत मिळून, आणि त्यातली जी आवडली तिचा एक ग्लास. त्यापुढे जीभ बोथट होते आणि इतक्या लांब आल्याचं चीज होत नाही. उपाशी पोटी तर बसूच नका.

११. गाव आडवळणाला आहे, गाडीशिवाय जाता येत नाही. एकदोन घोट चालतील ना?

चालवणाऱ्याला नाही. रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा देशोदेशी वेगळी आहे. चेकियात आणि हंगेरीत ती शून्य आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी डोंगरातले अरुंद, वळणावळणाचे रस्ते आणि संध्याकाळचा अंधार हेच पुरेसं कारण आहे. पहिला ग्लास भरण्याआधी ठरवा: चालवणारा कोण, की बस किंवा रेल्वे, की मुक्काम. मला मुक्काम सर्वांत आवडतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी काम बघायला मिळतं. मात्र आदल्या रात्री जास्त झाली असेल तर सकाळीही गाडी चालवू नका. हिशेब प्रश्न १० मधलाच. चालवणाऱ्याने आपल्या वाटची बिअर बाटलीत भरून न्यावी (प्रश्न १४).

१२. ब्रुअरीचे लोक 'आमच्या पाण्याची चव' म्हणतात. खरंच फरक पडतो की जाहिरात?

फरक पडतो आणि बराच पडतो. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. चेकियातल्या प्लझेनचं पाणी फार मृदू आहे. तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने पहिली सोनेरी लागर, म्हणजे पिल्सनर, बनवली, तिचा नितळ कडवटपणा त्या पाण्यात खुलला. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर आहे, त्याने हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि ठसठशीत होतो, म्हणून ते गाव पेल एलसाठी नावारूपाला आलं. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त; भाजलेल्या धान्याचा आंबटपणा त्याला तोल देतो, म्हणून तिथे काळ्या बिअरचं बस्तान बसलं.

आज पाणी गाळून, हवे ते क्षार घालून कुठेही कुठलंही पाणी तयार करता येतं. त्यामुळे 'आमचं पाणी' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा: पाण्यात काय बदल करता? जो ब्रुअर वहीतला पाण्याचा अहवाल उघडून दाखवतो, त्याच्या बिअरवर माझा विश्वास बसतो. आणखी एक विचारा: सांडपाणी कुठे जातं? एक लिटर बिअरमागे धुण्यासकट अनेक लिटर पाणी लागतं, आणि ज्या ओढ्याचं सौंदर्य बघायला आपण आलो त्यातच ते सुटत असेल तर ते आपल्याला ठाऊक असायला हवं.

१३. कोणत्या ऋतूत जावं?

हॉप्सचा पट्टा जवळ असेल तर तोडणीच्या दिवसांत. उत्तर गोलार्धात ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, दक्षिणेत साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. बव्हेरियातलं हालरटाऊ किंवा चेकियातलं झातेत्स (झातेत्स आणि तिथला हॉप्सचा प्रदेश २०२३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे) इथे सहासात मीटर उंच वेलींच्या रांगा तेव्हाच भरलेल्या दिसतात. त्याच काळात ओल्या, न वाळवलेल्या हॉप्सची बिअर निघते आणि ती ताजी असतानाच प्यायची असते.

याउलट ब्रसेल्सच्या परिसरातली लाम्बिक ही बिअर हवेतल्या रानटी यीस्टवर आंबते, आणि ती थंडीच्या महिन्यांतच शिजवतात, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू हवेत वाढतात. तिथे ऐन उन्हाळ्यात गेलात तर शिजताना दिसणार नाही.

१४. बिअर घरी न्यायची आहे. किती दिवस टिकते?

नळावरून बाटलीत भरलेली बिअर बहुधा गाळलेली नसते आणि पाश्चरही (तापवून जंतू मारलेली) केलेली नसते. फ्रिजमध्ये ठेवा, तीनचार दिवसांत संपवा, उघडलीत तर त्याच दिवशी. कॅनमध्ये भरून सील केलेली जास्त टिकते. प्रवासात उन्हापासून जपा: हॉप्समधल्या द्रव्यांवर प्रकाश पडला की काही मिनिटांतच घाणेरडा वास सुटतो. तपकिरी काच बरंच वाचवते, हिरवी आणि पांढरी नाही. बंद गाडीत उन्हात बाटली ठेवून डोंगर चढायला जाऊ नका.

१५. ग्लासातली बिअर गढूळ होती. खराब म्हणायची का?

बहुधा नाही. गव्हाची बिअर आणि न्यू इंग्लंड पद्धतीची पेल एल गढूळच असते. प्रथिनं, यीस्ट आणि हॉप्सची द्रव्यं त्यात तरंगत राहतात. पिल्सनर गढूळ आली तर मात्र विचारा. ती मुद्दाम न गाळलेली असू शकते किंवा घाईत काढलेलीही.

१६. वास विचित्र आला तर सांगावं का? ब्रुअरला वाईट वाटेल.

सांगा, पण 'बेकार आहे' असं नको. वास कशासारखा आहे ते सांगा. लोण्यासारखा म्हणजे डायअॅसिटिल: आंबवण पुरतं झालेलं नाही किंवा नळाच्या पाइपांत जंतू झालेत. हिरव्या सफरचंदाचा म्हणजे बिअर कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे ऑक्सिजन लागून शिळी झाली. शिजवलेल्या मक्याचा म्हणजे बहुधा उकळी कमी पडली. व्हिनेगरचा, तोही जी बिअर आंबट नसायला हवी तिच्यात, म्हणजे जंतूंचा शिरकाव. चांगला ब्रुअर असं ऐकून लगेच स्वतः एक घोट घेऊन बघतो.

१७. घरातले सगळे पीत नाहीत. मुलं, कुत्रा, आजी यांना नेता येईल का?

बघण्यासाठी बहुतेक ठिकाणी नेता येतं, पण नियम तिथल्या परवान्यावर असतात, म्हणून फोन करताना विचारून घ्या. बिअर पिण्याचं वयही वेगळं असतं: अमेरिकेत २१, बहुतेक देशांत १८, जर्मनीत बिअरसाठी १६. न पिणाऱ्यांना मॉल्ट चावणं, हॉप्स हुंगणं आणि टाक्या बघणं यात पुरेसा आनंद मिळतो. गरम, न आंबवलेलं गोड वर्ट चाखायला मिळालं तर मुलंही खूश होतात. 'अल्कोहोलविरहित' बिअरमध्ये अनेक देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं. ज्याने दारू पूर्ण सोडली आहे त्याला ती आपणहून आग्रहाने देऊ नका.

कुत्र्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या: वापरलेले हॉप्स खाल्ल्यास कुत्र्याचा ताप धोकादायक वाढतो आणि तो दगावूही शकतो. त्याला कचऱ्याच्या पिंपांपासून लांब ठेवा.

१८. बिअर शाकाहारी असते ना?

बहुतेक असते, सगळी नाही. काही ब्रुअर बिअर नितळ करायला माशाच्या वायुपिशवीपासून काढलेलं आयसिंग्लास किंवा जिलेटिन वापरतात. ते गाळात बसतं, तरी वापर झालेला असतो. ऑयस्टर स्टाउटमध्ये कधीकधी खरोखर कालवं घातलेली असतात. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर असते, म्हणून शाकाहारींना चालते, वीगनना आणि लॅक्टोज न पचणाऱ्यांना नाही. छोट्या ब्रुअरीत याचं खरं उत्तर एका प्रश्नात मिळतं, तेवढा विचारा.

१९. मला सिलिअॅक (गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन न चालणारा आजार) आहे. 'ग्लूटेन कमी केलेली' बिअर चालेल?

माझा सल्ला: नको. त्या बिअरमध्ये बार्लीतलं ग्लूटेन एन्झाइमने तोडलेलं असतं, आणि तुकडे झालेलं ग्लूटेन चाचणीत नीट मोजता येत नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ किंवा कुट्टू यांचीच बनवलेली बिअर वेगळी. तिथे ग्लूटेनची २० पीपीएमची (दहा लाख भागांत २० भाग) मर्यादा अर्थपूर्ण आहे. पण तीही बार्लीच्याच टाक्यांत आणि त्याच नळातून येत असेल तर टाळा.

२०. औषधं चालू आहेत किंवा दिवस गेले आहेत. एखादा घोट?

गरोदरपणात एकही नाही. झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांवरही नाही. मेट्रोनिडाझोलसारख्या काही औषधांबरोबर आणि ती संपल्यावरही काही दिवस मद्य टाळायला सांगतात. फारसा ठाऊक नसलेला धोका असा: नैराश्यासाठीच्या एमएओ इनहिबिटर गटातल्या गोळ्या. नळावरच्या न पाश्चर केलेल्या बिअरमध्ये टायरामिन हे द्रव्य जास्त असू शकतं आणि त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. इथे डबाबंद आणि नळावरची बिअर यांत खरा फरक आहे, म्हणून डॉक्टरांना नेमकं 'नळावरची' असं सांगून विचारा.

२१. आधी ट्रेक करून मग ब्रुअरी, की उलट?

आधी ट्रेक. प्यायल्यावर कडे, धबधबे आणि पोहणं तिन्ही वर्ज्य. उतरल्यावरही आधी भरपूर पाणी, थोडं खाणं, आणि मग बिअर. तहान बिअरवर भागवू नका.

उंचावरच्या ब्रुअरीत गेलात तर एक गंमत विचारून बघा. १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तेवढ्याच हॉप्समधून कडवटपणा कमी उतरतो. मग ते हॉप्स वाढवतात की उकळी लांबवतात? प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

२२. गेलो तर काम बंद होतं. फेरी फुकट?

नाही. टाक्या मुरत असताना ब्रुअरच्या हाताला थोडी उसंत असते. त्याला विचारा, टाकीतल्या नमुना-नळातून चमचाभर अर्धवट तयार बिअर चाखायला मिळेल का. मग तीच बिअर तयार झालेली नळावरून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

२३. घरी बिअर करून बघायची आहे. ब्रुअरीकडून यीस्ट मागितलं तर देतात?

अनेकजण आनंदाने देतात, कारण प्रत्येक खेपेनंतर टाकीच्या तळाशी गरजेपेक्षा जास्त यीस्ट उरतं. आधी आपल्या देशात घरी बिअर बनवायला परवानगी आहे का ते तपासा, सगळीकडे नाही. परवानगी असेल तर झाकणाची बरणी उकळून निर्जंतुक करून न्या आणि ब्रुअरलाच भरून द्यायला सांगा. यीस्ट कोणत्या बिअरमधलं आणि कितव्या खेपेचं ते बरणीवर लिहून घ्या. फार कडवट किंवा ८ टक्क्यांपुढच्या बिअरमधलं यीस्ट थकलेलं असतं, ते घेऊ नका. बर्फाच्या डब्यातून न्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडा-दोन आठवड्यांत वापरा. बरणीचं झाकण सैलच ठेवा. आत वायू तयार होत राहतो आणि घट्ट लावलेली काच फुटते.